द्वारकाआक्कांचं नाक

श्रमसाफल्य कॉलनीतला एक नियम सोसायटीच्या कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता, आणि तरी तो पार्किंगच्या नियमांपेक्षा कितीतरी कसोशीने पाळला जाई. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी कॉलनीची भरीत पार्टी. तीनशे माणसं, सत्तर किलो हिरवी-पांढरी वांगी, भुसावळबाहेरचं कुणाचं तरी शेत आणि सकाळी दहापासून पेटलेल्या कपाशीच्या काड्या. त्या जाळापुढे द्वारकाआक्का वारके उभ्या राहत, धुरात मान घालून लांब श्वास घेत, आणि त्या "उतरवा" म्हणेपर्यंत एकही वांगं खाली येत नसे. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. एकदा एका हौशी जावयाने घाई करून चार वांगी आधीच काढली, तर ती चारही त्यालाच खायला लावली होती. अजूनही लोक त्याला त्यावरून छळतात.

आक्कांची सून हर्षाली ही कॉलनीतली एकमेव बाई, जिला वासाचा पगार मिळायचा. जळगाव जिल्ह्यातली केळी दिल्लीला निघण्याआधी मोठमोठ्या बंद खोल्यांत पिकवली जातात. त्या खोल्यांतली हवा हुंगून, फळ किती पिकलं, कुठे कुजायला लागलं, हे सांगणारी यंत्रं तिची कंपनी बनवायची आणि ती घरून त्यांचं डोकं, म्हणजे त्यातला प्रोग्राम, लिहायची. एवढ्यावर तिचं समाधान झालं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण हर्षालीला छंद होता, आणि छंद असलेल्या इंजिनिअरच्या घरात काहीही सुरक्षित राहत नाही. मिक्सरची मोटर एकदा ढवळणी झाली होती. नवऱ्याच्या, लोकेशच्या, जुन्या हेल्मेटात तिने मेथी लावली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत ती सुट्टीच्या दिवशी शिरली की जेवायला हाका माराव्या लागत.

या वर्षी तिच्या मनाने घेतलं होतं की भरताचं वांगं नेमकं कधी भाजलं हे सांगणारं नाक बनवायचं.

हे ऐकून आक्कांनी आपलं खरंखुरं नाक मुरडलं होतं. "मी मेली का?" एवढंच त्या म्हणाल्या. पण सुनेने मस्का मारला, की यंत्राला शिकवायला गुरू लागतो आणि अख्ख्या खानदेशात तुमच्याशिवाय आहे कोण, तेव्हा त्या तयार झाल्या.

हर्षालीच्या कृत्रिम नाकाची करामत समजायला आधी आपल्या नाकाकडे पाहावं लागतं. आपल्या नाकात वास पकडणाऱ्या ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार असतात, पण हिंगाला एक, मोगऱ्याला एक असली वाटणी तिथे नसते. भाजत्या वांग्याच्या वाफेत शेकडो रसायनं असतात. त्यातलं प्रत्येक काही ग्राहकांना जोरात ढोसतं, काहींना हळूच. या सगळ्या ढोसाढोशीचा मिळून जो आकार मेंदूत उमटतो, त्याला आपण वांग्याचा वास म्हणतो. हार्मोनियमच्या दहा पट्ट्या एकदम दाबल्या की जो एक भरलेला आवाज येतो, तसंच काहीसं. यंत्रात ग्राहकांच्या जागी शहाण्णव पातळ पापुद्रे होते, प्रत्येकावर वेगळा लेप. पूर्वीची अशी यंत्रं एका वासाने भरली की मोकळी व्हायला पाच-दहा मिनिटं घ्यायची, सर्दी झाल्यासारखी. नवे पापुद्रे विजेचा बारीकसा झटका देताच अर्ध्या सेकंदात कोरे होत. त्यामुळे वास हा आता स्थिर फोटो राहिला नव्हता, तो हलता चित्रपट झाला होता. या विचाराने हर्षालीला कधीकधी स्वयंपाक करता करता उभ्या उभ्या हसू यायचं.

दसऱ्यापासून शिकवणी सुरू झाली. गच्चीवर शेगडी, शेगडीवर टोचे मारलेलं वांगं, एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला पाटावर आक्का. आक्का "उतरव" म्हणाल्या की हर्षालीने बटण दाबायचं, वांगं फोडायचं आणि आत कसं निघालं ते लिहून ठेवायचं. असं करता करता दीडशेच्या वर वांगी झाली. घरात रोज भरीत. पाच वर्षांच्या दुर्वाने ताटावर बसून रडायला सुरुवात केली आणि लोकेशने ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायला. आक्का मात्र क्वचितच चुकत. फक्त एक दिवस वाईट गेला, शेजारच्या प्लॉटवर बोअर मारत होते तो. त्या दिवशी अकरापैकी नऊ वांगी कच्ची निघाली. धुळीने माणसाचं आणि यंत्राचं, दोन्ही नाकं चोंदली असणार, असं ठरवून हर्षालीने तो दिवस "खराब" म्हणून काढून टाकला.

नोव्हेंबरच्या शेवटी ती आकडे मांडायला बसली आणि चक्रावली. यंत्राचा गुरूशी मेळच बसत नव्हता. तिने वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वांगी वेगळी केली. ज्या दिवशी वारा आक्कांच्या पाठीमागून वाहत होता, त्या दिवशी त्यांच्या पाटापर्यंत वास पोहोचणंच शक्य नव्हतं. तरी त्यांचं "उतरव" अचूक होतं. जणू वास आला काय आणि न आला काय, त्यांना फरकच पडत नव्हता.

ती हे सांगायला जिना उतरून स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर दूध करपत होतं. कडू धूर खिडकीपर्यंत पोहोचला होता. ओट्यापासून दोन हातांवर, गॅसकडे पाठ करून, आक्का मेथी निवडत बसल्या होत्या आणि अगदी निवांत होत्या.

हर्षालीने गॅस बंद केला. पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला तशा आक्का वळल्या, त्यांनी पातेलं पाहिलं, सुनेचं तोंड पाहिलं, आणि मेथीची काडी त्यांच्या हातातच राहिली.

"आई, तुम्हाला वास येत नाही?"

आक्कांनी उठून आधी दार लोटलं. मग खाली बसून पुन्हा मेथी निवडायला घेतली. "नऊ वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "साधी सर्दी झाली व्हती. सर्दी गेली, वास काही आला नही. कोनाले सांगू नको. लोकेशले तर नहीच नही."

नऊ वर्षं. म्हणजे हर्षाली लग्न करून या घरात आली तीसुद्धा त्यानंतर. या बाईच्या हातची फोडणी खाऊन तिने सासरच्या चवीचे गोडवे गायले होते, आणि ती फोडणी नुसत्या आठवणीवर घातलेली होती. डॉक्टरला दाखवलं का, हे विचारलं तर आक्कांनी एकदाच गुपचूप जळगावला जाऊन दाखवलं होतं; उशीर झाला, वासाच्या नसा गेल्या, असं त्याने सांगितलं होतं. आक्कांना खरी भीती डॉक्टरची नव्हतीच. बाईला वास येत नाही म्हटलं की आधी तिच्या हातातला झारा जातो, मग तिला "तुम्ही बसा हो" म्हणतात, आणि मग ती बसूनच राहते. सख्ख्या जावेचं असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. आणि कॉलनीत कुमुदताई पाचपांडे बावीस वर्षं एका पायावर तयार होत्या, आक्कांची जागा घ्यायला. पार्टीला सहा आठवडे उरले होते.

मग वांग्याचं तुम्हाला कसं कळतं, असं हर्षालीने विचारलं खरं. आक्का सांगूही लागल्या. पण पहिलंच वाक्य अर्धं झालं असेल-नसेल, तेवढ्यात हर्षालीच्या डोक्यात एक कल्पना अशी काही लखलखली की ती उठून उभी राहिली. आक्का बोलत होत्या आणि ती दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर पळत होती.

कल्पना साधी होती. आंधळा माणूस बोटांनी वाचतो, तेव्हा मेंदू असा हट्ट धरत नाही की अक्षरं डोळ्यांतूनच आली पाहिजेत. निरोप नियमाने येत राहिला तर तो कुठल्याही दाराने आलेला मेंदूला चालतो. नाकाची नस मेली असेल तर मरू दे, कातडी जिवंत होती ना? यंत्राच्या शहाण्णव पापुद्र्यांचा आकार दंडावरच्या पट्ट्यातल्या बारीक टाचण्यांवर उतरवायचा. प्रत्येक वासाची वेगळी टोचणी, वेगळी लाट. सुरुवातीला ती नुसती गुदगुल्यांसारखी वाटेल. पण महिनाभर रोज सराव केला, तर एक दिवस माणूस टोचणी मोजणं विसरेल आणि त्याला सरळ "हिंग" कळेल.

आठवडाभरात पट्टा तयार झाला. लोकेशच्या ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राचा कापडी भाग गायब झाला तो तेव्हा.

हर्षालीने एका बाबतीत हट्ट धरला. पहिले तीन वास धोक्याचे: गळणारा गॅस, जळणारी वायर आणि फवारणीचं औषध. एका भाच्याकडून तिने फवारणीच्या पंपाचं फडकं घट्ट झाकणाच्या बाटलीत आणवलं आणि ते बाटलीच्या तोंडाशी जेमतेम उघडून पट्ट्याला शिकवलं. आक्का वैतागल्या. नऊ वर्षांनी वास द्यायला निघालीस तर सगळे मरणाचेच आधी का, असं त्यांचं म्हणणं. फवारणीची लाट त्यांना विशेष नावडती होती. कोपराकडून खांद्याकडे कुणीतरी काटेरी डहाळी ओढतंय असं वाटतं, म्हणायच्या.

मग मात्र घरात जी धमाल सुरू झाली ती काय सांगावी. रोज दुपारी दोघी दार लावून बसत. डोळ्यांवर ओढणी बांधलेल्या आक्का, पुढ्यात वाट्या, आणि हर्षाली एकेक वाटी नाकाखाली, म्हणजे यंत्राखाली, धरतेय. पहिले दहा दिवस, ते मरणाचे तीन सोडले तर, सगळंच एक. अकराव्या दिवशी मेथी आणि कोथिंबीर वेगळी झाली. आक्का "थांब" म्हणाल्या, पुन्हा मेथी मागितली, पुन्हा कोथिंबीर मागितली, आणि ओढणी काढून त्या दोन जुड्यांकडे बघत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या घरभर फिरू लागल्या. कपाटात, चपलांच्या रॅकमध्ये, फ्रिजच्या मागे. लोकेशने सिगारेट सोडलेली नाही हा शोध त्यातच लागला. दार लावून हसणाऱ्या आई-बायकोला पाहून लोकेशचा आपल्याविरुद्ध काहीतरी कट शिजतोय असा समज झाला होताच, आता तो पक्का झाला. तो बिचारा आल्या आल्या लवंग चघळू लागला, आणि आक्कांना लवंगही कळू लागली होती.

हर्षालीला रात्री झोप येईना, असा आनंद. हे जगाला सांगावं, कंपनीत दाखवावं, ज्यांचं ज्यांचं नाक गेलंय त्या सगळ्यांना हे द्यावं, असं तिला वाटायचं. पण शब्द दिला होता. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बनवून ती स्वयंपाकघरात झाकून ठेवणं किती अवघड असतं, हे तिला त्या सहा आठवड्यांत कळलं.

पाचव्या आठवड्यातली एक दुपार ती कधीच विसरणार नव्हती. दुर्वा शाळेतून आली ती धावत येऊन आजीच्या मांडीत घुसली. आक्कांच्या दंडावर पट्टा होता. त्या एकदम थांबल्या. दुर्वाचं डोकं त्यांनी हळूच यंत्राजवळ नेलं, दूर केलं, परत नेलं. "हे कोनतं?" त्यांनी विचारलं. यादीत हा वास नव्हता. केसांतलं खोबरेल, वर्गातला खडू, ऊन, घाम, असं काहीबाही असणार, असं हर्षाली सांगू लागली. आक्कांनी तिला हाताने गप्प केलं.

"लोकेश लहान व्हता तव्हा त्याच्या टाळूचा वास मले ठाऊक व्हता. हिचा नव्हता," त्या म्हणाल्या. "हिले मी आज पाह्यलं."

दुर्वाला काही कळलं नाही. तिला भरीत सोडून दुसरं काहीही खायला हवं होतं. हर्षाली उगाच डबा घासायला मोरीत गेली आणि तिथे बराच वेळ उभी राहिली.

मग तो रविवार आला. शेत साकेगावच्या बाजूचं, थंडी मस्त पडलेली. बायकांनी कांद्याची पात चिरायला घेतली होती, पुरुष खुर्च्या मांडण्यावरून भांडत होते. पार्टीचे सर्वेसर्वा नारखेडे सर, निवृत्त मुख्याध्यापक, शिट्टी गळ्यात घालून फिरत होते. आदल्या आठवड्यात अवकाळी भुरभुर झाल्याने उघड्यावरच्या काड्या ओल्या होत्या, तर सरांनी हुशारीने शेडमधला कोरडा ढीग मिळवला होता आणि हे ते भेटेल त्याला सांगत होते. आक्का स्वेटर घालून आल्या होत्या. स्वेटरच्या बाहीत पट्टा, पदराखाली काडेपेटीएवढं यंत्र. सकाळपासून त्या अशा खुशीत होत्या की कुमुदताईंनाही त्यांनी आपणहून चहा दिला.

काड्यांचा थर, त्यावर वांगी, वर पुन्हा काड्या. पहिला जाळ पेटला. धूर उठला, पोरं आरडाओरडा करत मागे पळाली, आणि आक्का शिरस्त्याप्रमाणे पुढे झाल्या. मान धुरात. लांब श्वास.

हर्षाली दहा पावलांवर फोन हातात धरून उभी होती. आक्कांचा डावा हात झटक्यात दंडावर गेलेला तिने पाहिला. आक्का मागे सरल्या, पुन्हा पुढे झाल्या, आणि मग त्यांनी मान वळवून सुनेला शोधलं. हर्षाली जवळ गेली.

"काटेरी डहाळी," आक्का पुटपुटल्या. "त्या बाटलीतलं."

हर्षालीने फोन पाहिला. आकार तोच होता. धुराच्या डोंगराखाली एक बारीक, पण स्पष्ट रेघ. तिने स्वतः नाक फुलवून हुंगलं, नुसता धूर. यात नवल काही नव्हतं. माणसाचं नाक एकाच जोरदार वासात दोन मिनिटं राहिलं की थकतं आणि बाकीचं सोडून देतं. यंत्र दर अर्ध्या सेकंदाला कोरं होत होतं, त्याला थकवा ठाऊक नव्हता.

मी सांगते, हर्षाली कुजबुजली, माझ्या यंत्राने पकडलं म्हणते, तुमचं नाव येणार नाही. आणि तिने खरंच नारखेडे सरांना गाठून सांगितलं की धुरात फवारणीचं औषध आहे, जाळ विझवा. सर हसले. वांगी आहेत ती, केळी नव्हेत, म्हणाले. शेजारी उभे असलेले चौघे-पाचजण हसले. लोकेशनेही तिला बाजूला घेऊन आज तरी यंत्रं नकोत, अशी विनवणी केली. तेवढ्यात आक्काच पुढे झाल्या आणि जाळ विझवा म्हणाल्या, तसं हसणं थांबलं. पण विश्वास कुणाचा बसेना. एकेकाने पुढे येऊन हुंगून पाहिलं. कुणालाच काही आलं नाही.

"मले तर काहीच येत नही, आक्का," कुमुदताई म्हणाल्या. "आता वयानं व्हतं कधी कधी. तुमी बसा, मी पाह्यते वांग्यांचं."

तुम्ही बसा. हर्षालीने आक्कांकडे पाहिलं. आक्का जाळाकडे बघत होत्या. पहिली वांगी आणखी दहा मिनिटांत उतरणार होती. ठेचायची लाकडी भांडी धुऊन ठेवलेली होती, आणि त्यांच्याभोवती ताटल्या घेऊन पोरं आतापासूनच घुटमळत होती. त्यात दुर्वाही होती. आक्कांना गप्प राहून बसता आलं असतं. गुपितही राहिलं असतं, जागाही राहिली असती.

त्यांनी स्वेटर काढला आणि बाही दंडापर्यंत वर सरकवली.

"मले नऊ वर्सांपासून कशाचाच वास येत नही," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण बावीस वर्षं त्या आवाजाकडे कान लावायची सगळ्यांना सवय होती. "नऊ वर्सं मी तुमाले फसवलं. हे सुनेनं बनवलेलं नाक हाये, ते हातावर वाजते. तुमचं नाक थकलं, हे थकत नही. माझ्यावर भरवसा नका ठेवू, हिच्यावर ठेवा. त्या काड्यांवर भाजलेलं एक वांगंही पोरांच्या तोंडात जाता कामा नये."

लोकेश आईच्या दंडाकडे बघत होता, आपल्या ब्लडप्रेशरच्या पट्ट्याकडे, आणि त्याचं तोंड उघडंच होतं. नारखेडे सरांनी शिट्टी हातात घेतली, सोडली, आणि शेडच्या मालकाला फोन लावला. फोनवर ते दोनदा "कधी?" म्हणाले, एकदा "अहो, मग सांगायचं नाही का?" म्हणाले, आणि खाली ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. शेडमध्ये महिन्याभरापूर्वी औषधाचा डबा त्याच ढिगावर आडवा झाला होता. वाळून गेलं म्हणून मालक विसरला होता, आणि कोरड्या काड्या मिळाल्याच्या आनंदात सरांनी काही विचारलं नव्हतं.

मग मात्र अशी पळापळ झाली की विचारू नका. पाण्याचा टँकर जाळावर रिकामा झाला, वीस किलो वांगी खड्ड्यात गेली, पोरांना वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन बसवलं. दोन ट्रॅक्टर पलीकडच्या गावाला धावले आणि तासाभरात उन्हात वाळवलेल्या स्वच्छ काड्या घेऊन आले. आक्कांनी त्यांच्यावरून यंत्र फिरवलं, दंडावर लक्ष ठेवलं, आणि मान हलवली. काटेरी डहाळी नव्हती. आपलं चिमुकलं यंत्र काड्यांच्या ट्रॉलीवर फिरताना अख्खी कॉलनी श्वास रोखून बघतेय, हे हर्षाली डोळे भरून पाहत होती. लगेच लोकांनी तिला घेरलं. एकाच्या आईचं नाक गेलं होतं, एकाच्या मित्राचं. एकाला तर बायकोचं नाक जरा कमी करता येईल का, असं विचारायचं होतं.

नवा जाळ पेटला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आता पंचाईत आहे. टँकरच्या पाण्यात पट्टा भिजला होता, त्याने दहा मिनिटांपूर्वी शेवटची एक टोचणी दिली आणि मान टाकली होती. आक्का मागे, लिंबाखालच्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या. दुर्वा त्यांच्या मांडीवर होती. त्या जाळाकडे बघत नव्हत्या.

जाळाजवळची जागा मोकळी होती. कुमुदताई त्या जागेकडे निघाल्या. बावीस वर्षं त्या जागेची वाट पाहिलेली बाई. कुणी त्यांना अडवलं नसतं. त्या जाळाच्या पुढ्यात थांबल्या, पदर कमरेला खोचला, वांग्यांकडे पाहिलं, आणि वळून तिथूनच हाक मारली.

"आक्का, येता ना? मले काय कळते यातलं? तुमी सांगसान तव्हाच उतरवू."

आक्कांनी दुर्वाला खाली ठेवलं. त्या सावकाश उठल्या आणि सावकाश चालत आल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवलं नाही. जाळापाशी येऊन त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ट्रॅक्टर बंद करायची. मग पोरांना गप्प करायची. नारखेडे सरांनी शिट्टी वाजवली, तीनशे माणसं चिडीचूप झाली, आणि आक्का वाकल्या. मान पुढे नाही, कलती. एक कान जाळाकडे.

हर्षालीला आठवलं. बोअरचा दिवस. अकरा वांगी, नऊ कच्ची. "खराब" म्हणून फेकून दिलेला तो एकच दिवस, ज्यात सगळं उत्तर होतं.

"उतरवा," आक्का म्हणाल्या.

चिमटे पुढे सरसावले. पहिलं वांगं फोडलं, तर आत लोण्यासारखं मऊ. कॉलनीने असा काही गलका केला की झाडावरचे बगळे उडाले.

त्या गोंधळात हर्षाली सासूजवळ गेली. "आई, मला का नाही सांगितलं?"

"सांगत व्हते ना," आक्का म्हणाल्या. "अर्धं ऐकलं अन् तू गच्चीवर पळाली. नाकाचंच धरून बसली तू." त्यांनी सुनेचं मनगट पकडून तिला शेजारीच पेटवलेल्या दुसऱ्या जाळापाशी नेलं आणि खाली बसवलं. तिची मान कलती केली, केस कानामागे सारले. "टोचे मारले ना, त्यातून शिट्टी निघते. बारीक. आतलं पानी हाये तोवर वाजते. ऐक."

सुरुवातीला हर्षालीला नुसता जाळ ऐकू आला. काड्यांचा तडतडाट, वारा, मागे कुणाची तरी खुसखुस. मग त्या सगळ्याखालून एक बारीक सूर वर आला, दबका, भिजलेल्या बासरीसारखा. दुसऱ्या वांग्याचा थोडा वरचा. तिसऱ्याचा आणखी वेगळा. सोळा वांगी, सोळा शिट्ट्या. तिचं शहाण्णव पापुद्र्यांचं यंत्र दोन फुटांवर पडलेलं होतं आणि त्याला यातलं काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकेक सूर खाली येऊ लागला, खरखरला, आणि विझत गेला. शेवटचा एक उरला. तो लांबला, थरथरला.

तिने वर पाहिलं. आक्का काहीच सांगायला तयार नव्हत्या. त्या दंडावरचा भिजका पट्टा सोडत होत्या आणि तीनशे माणसं हर्षालीकडे बघत होती.

शेवटची शिट्टी थांबली.

"उतरवा," हर्षाली म्हणाली.